रेशमाच्या आधी उमटलेले अंगठे

मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा आमच्या घरात संध्याकाळी भाजी निवडताना अमायनो आम्लांची उजळणी चालायची. तिचा विषय जैवरसायन. वही माझ्या हातात, पाठ करणारी ती, आणि मेथीची जुडी बायकोच्या मांडीवर. माझे स्वतःचे शिक्षण बारावी सायन्सपर्यंत. पण सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये चोवीस वर्षे रंग मोजून दिल्यामुळे रसायनाचे नाव ऐकून घाबरायची सवय गेली आहे. नाव कितीही लांब असले तरी त्याला वजन असते, आणि वजन असले की मला ते ओळखीचे वाटते.

म्हणून मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर माझा एक तक्ता केला. प्रथिने म्हणजे माळा आणि अमायनो आम्ले म्हणजे त्यातले मणी, वीस जातींचे, एवढे तिने मला समजावले होते. प्रत्येक मण्याला ओवायची दोन टोके सारखीच, फरक फक्त बाजूला लोंबणाऱ्या तुकड्यात. ग्लायसिनला तो तुकडा म्हणजे नुसता एक हायड्रोजन. त्याचे वजन पंच्याहत्तर. त्या जागी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन आले की अ‍ॅलानिन, एकोणनव्वद. त्यात एक ऑक्सिजन वाढला की सेरिन, एकशे पाच. पंच्याहत्तरात चौदा, एकोणनव्वदात सोळा. मला हे इतके आवडले की मी मिलमध्ये दुपारच्या डब्याच्या वेळी विसांची बेरीज-वजाबाकी करून पाहिली. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोघांचे वजन सारखेच, एकशे एकतीस, निघाल्यावर मला वाटले माझे चुकले. मुलगी म्हणाली, चुकले नाही, सामान तेच आहे, मांडणी वेगळी आहे.

नुसती वजने पाठ करून भागत नाही, कोणाचे काम काय तेही सांगावे लागते. हाडे जोडणाऱ्या कूर्चेत आणि कातडीत जे कोलॅजन असते त्यात दर तिसरा मणी ग्लायसिनचा, असे ती म्हणून दाखवत होती तेव्हा माझी आई लसूण सोलत होती. आई पंच्याहत्तरची आहे, धुळे जिल्ह्यातल्या गावाहून आमच्याकडे येऊन तिला एकोणीस वर्षे झाली, पण ती बोलते अहिराणीच. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मंग मन्हा गुडघामा ते सरी गयं व्हई," म्हणजे तिच्या गुडघ्यातले ते संपले असावे.

अ‍ॅलानिनचे काम मला सर्वांत पटले. स्नायूंत कामाचा कचरा साठतो, त्यातला नायट्रोजन उचलून अ‍ॅलानिन रक्तातून यकृतात नेते. तिथे माल उतरवते, आणि उरलेल्या सांगाड्यापासून साखर बनून ती परत स्नायूंकडे येते. मी म्हटले, हा तर आपला टेम्पो झाला. लूमवरून कोरे कापड मिलमध्ये टाकायचे आणि येताना छापील कापड भरून मार्केटला यायचे, रिकामी फेरी नाही. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे मला पेपरात लिहिता येणार नाही." पण त्या प्रश्नाचे उत्तर तिला त्यानंतर कधी अडले नाही, एवढे मी नोंदवून ठेवतो.

तिला पुढे एम.एस्सी. करायचे होते. मी एक अट घातली होती. शेवटच्या वर्षाला सत्तर टक्के पडले तर एम.एस्सी., नाहीतर एखाद्या लॅबमध्ये नोकरी. आकडा ठरलेला असला की नंतर वाद होत नाहीत, असे माझे मत होते. तिने अट मान्य केली होती. त्या वर्षी लेखी आणि प्रात्यक्षिकाचे निकाल आधी लागले आणि प्रोजेक्टची तोंडी परीक्षा मागाहून होती. वर्षाचे एकूण हजार मार्क, त्यातले नऊशेचे हातात आले ते सहाशे सव्वीस. प्रोजेक्टचे शंभर बाकी. सातशेला चौऱ्याहत्तर कमी. तेव्हा सगळे त्या प्रोजेक्टवर येऊन थांबले होते, आणि ते घरात आईसकट सगळ्यांना ठाऊक होते.

प्रोजेक्ट होता रेशमावर. रेशीमही प्रथिनच. पण विसांपैकी त्यात मुख्यत्वे तीनच जातींचे मणी: ग्लायसिन, अ‍ॅलानिन आणि थोडे सेरिन, म्हणजे माझ्या तक्त्यातले सगळ्यांत लहान तिघे. मणी लहान असल्यामुळे माळा एकमेकींवर चपट्या आणि घट्ट बसतात, थप्पीतल्या ताग्यांसारख्या. ताकद आणि चमक तिथून येते. रेशमाचा धागा आम्लात उकळून त्याचे मणी सुटे करायचे आणि कोणकोणते निघाले ते कागदावर वेगळे करून दाखवायचे, असे काम तिच्या मॅडमनी दिले होते. शेजारी तुलनेला पॉलिएस्टरचा धागा. पॉलिएस्टर वाटेल तेवढा देतो, म्हणालो. आमच्या गावात तो हवेत उडतो.

रेशीम मात्र मिळेना. साड्यांच्या या शहरात मी ओळखीच्या तीन ठिकाणी विचारले, तिघांनीही "रेशमासारखे" काढून दाखवले. शेवटी घरात खात्रीचे रेशीम एकच निघाले, बायकोची लग्नातली पैठणी. येवल्याला विणकराच्या घरी जाऊन माझ्या सासऱ्यांनी ती घेतली होती. बायकोने पेटी उघडली, पदराच्या दशांमधले सात धागे मोजून तोडून दिले आणि आठवा मागायचा नाही असे सांगितले. त्यातल्या एकाची टोकाकडची जेमतेम बोटभर लांबी आम्ही गॅसवर जाळून पाहिली. केस जळल्याचा वास आला, आणि काळी राख बोटाने चुरली गेली. पॉलिएस्टरचा धागा वितळून टाचणीच्या डोक्याएवढी टणक गाठ झाली. उरलेले मी मिलच्या काट्यावर मोजले: बावन्न मिलिग्रॅम. बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, बावन्नच द्या, त्रेपन्न झाले तर परत आणा.

कॉलेजात ते धागे बंद नळीत, आम्लात, एक अख्खा दिवस उकळले. नंतर आम्ल उडवून तळाशी उरलेले चार थेंब पाण्यात घेतले. आमच्या लग्नाची बावन्न मिलिग्रॅम पैठणी एका लहान बाटलीत तपकिरी पाणी होऊन बसली.

आता कागदाचे काम मला नीट सांगितले पाहिजे, कारण घोळ तिथे झाला. आमच्या लॅबमध्ये रंगाचा नवा डबा आला की तो एका जातीचा आहे की दोन-तीन मिसळलेले आहेत ते पाहायला आम्ही गाळणकागद वापरतो. थेंब टाकायचा, पाणी कागदातून पसरू लागते आणि रंग बरोबर ओढते. कोणी लवकर पुढे जातो, कोणी मागे राहतो, आणि हिरव्याच्या पोटातून पिवळा आणि निळा वेगळे होतात. मुलीचे कामही तेच. फरक एवढा, की अमायनो आम्लांना रंग नसतो. त्यामुळे सगळे संपल्यावर कागदावर निनहायड्रिन नावाचे द्रावण फवारतात आणि कागद भट्टीत तापवतात. मग जिथे अमायनो आम्ल असेल तिथे जांभळा ठिपका येतो.

कॉलेजने तिला मोठे तीन कागद दिले होते. पुढचा साठा परीक्षेनंतर येणार होता. तिने हिशेब केला होता: पहिला सरावाला, दुसरा खऱ्या कामाला, आणि तिसरा वेगळ्या द्रावणात चालवायला. पहिल्या द्रावणात ग्लायसिन आणि सेरिन जवळजवळ बरोबर पळतात, एकमेकांपासून सुटत नाहीत. ते दुसऱ्या द्रावणात सुटतात. म्हणजे तिन्ही कागदांना काम होते. त्यांच्यावर आधी पेन्सिलीने रेघ आणि सारख्या अंतरावर खुणा हव्या होत्या. कॉलेजातली टेबले ओली आणि गर्दीची, म्हणून मीच म्हणालो, घरी आण, मी आखून देतो. माझ्या आखणीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सापडत नाही, हे ती जाणते. ती म्हणाली, "पप्पा, पण कडेनंच धरा हं."

मी कडेनेच धरले. कागदाला चुणी पडू नये म्हणून ती सांगते आहे असे मी समजलो. कापडाच्या माणसाला 'जपून धर' याचा दुसरा अर्थ सुचत नाही.

रविवारी सकाळी ती लायब्ररीत गेली आणि मी बसलो. टू-एच पेन्सिल, स्टीलची पट्टी. कडेपासून पंचवीस मिलिमीटरवर रेघ, रेघेवर वीस-वीस मिलिमीटरवर सात खुणा. पट्टी नीट बसावी म्हणून कागद उलटा फिरवून रेघ माझ्यापासून लांबच्या बाजूला ठेवली आणि हात कागदावर टेकवून एकेक खूण केली. तिन्ही कागदांना पाऊण तास लागला.

आई येऊन बसली. "हाई कापड शे का कागद?" म्हणाली, आणि वरचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळून पाहिला. आमच्या गावात हे सगळेच करतात. चपटी वस्तू समोर आली की डोळ्यांआधी अंगठा जातो. लग्नाची पत्रिका दिली तरी लोक आधी कोपरा चोळतात, मग नावे वाचतात. तेवढ्यात शेजारचे काका आले. ते सुरतचेच, साड्यांचे आडतिये, रविवारी त्यांना मार्केट नसते आणि करमत नाही. त्यांनीही तोच कागद उचलला, दुसरा कोपरा चोळला, उजेडाकडे धरला आणि निकाल दिला, "एमां स्टार्च तो नथी." मग मीही उरलेल्या दोघांचे वरचे कोपरे चोळून पाहिले. खरेच खळ नव्हती. फार चांगला कागद होता. त्यानंतर पोळ्या लाटायला जागा हवी म्हणून बायकोने तिन्ही कागद उचलून कपाटावर ठेवले. संध्याकाळी मी ते खाकी कागदात गुंडाळून, वर नाव घालून मुलीच्या हवाली केले. काम छान झाले याचे समाधान मला दोन दिवस पुरले.

मंगळवारी ती कॉलेजातून आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक कागद टेबलावर ठेवला.

कागदावर रेशमाचे ठिपके दिसतच नव्हते. खालच्या अर्ध्यात जांभळे ढग होते, ओल आलेल्या भिंतीसारखे, लांब ओघळांचे. आणि वर, जिथपर्यंत द्रावण चढले नव्हते तिथे, दोन्ही कोपऱ्यांत अंगठे होते. नुसते डाग नाहीत. रेघारेघांचे, चक्रांचे, सरकारी कागदावर उमटवतात तसे स्वच्छ जांभळे अंगठे.

मग तिने सांगितले, अगदी हळू, आणि ते हळू सांगणे मला जास्त लागले. माणसाच्या घामात अमायनो आम्ले असतात. बोट कुठेही टेकले की थोडी मागे राहतात, दिसत नाहीत एवढेच. आणि घामात जी जास्त असतात ती म्हणजे सेरिन, ग्लायसिन, अ‍ॅलानिन. रेशमातली तीच तिघे. मी खुणा करताना हाताची कड जिथे टेकवली होती, नेमके तिथूनच रेशमाचे मणी वर चढायचे होते. माझ्या हाताचे मणी त्यांच्या बरोबर निघाले. मॅडमनी कागद पाहून विचारले होते, हे रेशीम आहे की तुझे घर?

"मी कडेनं धरा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"कडेनंच धरले होते," मी म्हटले. ते खोटे नव्हते, पण उपयोगाचेही नव्हते.

आईने चष्मा लावला. आधी तिने डावा कोपरा पाहिला, मग स्वतःचा अंगठा पाहिला. तिच्या अंगठ्यावर लहानपणी बाजरी कापताना विळा लागल्याची आडवी खूण आहे. कागदावरच्या अंगठ्यातही ती पांढरी रेघ होती. "हाऊ मन्हा," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. उजव्या कोपऱ्यातला मोठा, पसरट, तो काकांचा, याबद्दल दुमत नव्हते. बायको म्हणाली, मी तर हातही लावला नाही, नुसते उचलून ठेवले. मुलीने मधल्या बाजूला बोट दाखवले. तिथे चार बोटे ओळीने उमटली होती, आणि तिसऱ्या बोटाच्या खाली अंगठीचा अर्धगोल कोरा होता. बायकोने तो अर्धगोल पाहिला. मग म्हणाली, "पैठणी माझी आहे. माझं थोडं जास्त आलं तर काय बिघडलं?"

तेव्हा मुलगी हसली. पण हसणे थांबल्यावर सगळ्यांच्या डोक्यात तेच आले. उरलेले दोन्ही कागद याच हातांखालून गेले होते. परीक्षेला आठ दिवस होते. चौऱ्याहत्तर मार्क हवे होते.

मी म्हटले, मी उद्या येतो, मॅडमना सांगतो की चूक माझी. ती म्हणाली, नको. तिसऱ्या वर्षाच्या मुलीचे पप्पा कॉलेजात येऊन सांगतात हे तिला बरे दिसत नव्हते, आणि सांगून कागद कोरे होणार नव्हते. तिचे बरोबर होते. मी बाजारात कागद शोधला. आमच्या लॅबला लागतात तसे लहान गोल कागद होते, तिच्या जातीचे नव्हते. तिच्या जातीचे मागवावे लागतात, पंधरा दिवस.

बुधवारी मी मिलमध्ये वॉशिंगच्या खात्यात उभा होतो. छापलेले कापड तिथे एकामागून एक टाक्यांतून जाते. जो रंग धाग्याला धरला नाही तो सुटून पाण्यात जातो, आणि शेवटच्या टाकीचे पाणी पांढरे निघाले की कापड पुढे जाते. हे मी रोज पाहतो. त्या दिवशी पाहताना लक्षात आले, की घाम कागदाला धरलेला नाही. तो सुटला म्हणून तर ओघळला. मग तो आधीच का सोडवू नये?

घरी येऊन मी मुलीला म्हटले, कागद धुता येतो का? तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी मेथीबरोबर तिची वही निवडायला घेतली आहे. मग ती वहीत काहीतरी लिहू लागली. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना विचारले. मॅडम म्हणाल्या, धुऊन घेतात, काही ठिकाणी धुतातच, पण ओला कागद सांभाळायला हात हवा. आणि हात लावायचा नाही.

तिने ते कॉलेजात केले. हातमोजे, चिमटे, शुद्ध पाणी, चार वेळा. मी बरोबर नव्हतो, तरी काचेच्या दांडीवर टाकून वाळव एवढे सांगितले होते, कारण आमच्याकडे तसेच करतात. पण ओले कापड स्वतःचे वजन पेलते, ओला कागद पेलत नाही. उरलेल्या दोनांतला पहिला कागद दांडीवर टाकला तसा मधोमध फाटला. दुसऱ्यासाठी तिने माझे ऐकले नाही. काचेवर आडवा ठेवून, खाली दुसरी काच, असा उचलला आणि आडवाच वाळवला. तो राहिला.

तीन कागदांचा एक झाला होता. धुणे पुरेसे झाले की नाही हे तरी कसे कळावे? तिने वाळलेल्या कागदाची वरची दोन बोटे रुंदीची पट्टी कापली, अंगठे होते तीच बाजू, तिच्यावर निनहायड्रिन फवारले आणि भट्टीत ठेवली. मला तिने ते संध्याकाळी सांगितले. म्हणाली, "पप्पा, पांढरी निघाली." मी चोवीस वर्षे रंगखात्यात आहे. तिथे पांढरे राहिले म्हणजे काहीतरी बिघडले असते. ते पांढरे ऐकून मी दोनदा विचारले, अगदी पांढरी? अगदी पांढरी.

शेवटच्या कागदावर तिने सगळे मांडले: ओळखीचे ग्लायसिन, ओळखीचे अ‍ॅलानिन, ओळखीचे सेरिन, पैठणी दोन वेळा, पॉलिएस्टर, आणि एक नुसते पाणी. शनिवारी तिने तो कागद पाकिटात घालून घरी आणला तेव्हा आम्ही सगळे हात पाठीमागे घेऊन उभे राहिलो. काकांनाही बोलावले होते, त्यांचे हात त्यांच्या बायकोने धरून ठेवले. मिलचे भिंग आणि पट्टी पाकिटावर ठेवून मी मोजले. द्रावण दीडशे मिलिमीटर चढले होते. ग्लायसिन एकोणचाळीस, अ‍ॅलानिन सत्तावन्न, सेरिन एक्केचाळीस. पैठणीचा एक ठिपका सत्तावन्नवर, गोल आणि स्वच्छ. दुसरा अडतीस ते बेचाळीसपर्यंत, थोडा लांबट. पॉलिएस्टरच्या जागी काही नव्हते. पाण्याच्या जागी काही नव्हते.

"एटले साची?" काकांनी विचारले, म्हणजे खरी आहे ना. बायको म्हणाली, माझ्या वडिलांनी आणलेली आहे, त्याला कागद कशाला लागतो?

तो लांबट ठिपका मात्र मला खुपत होता. त्यात ग्लायसिन होते हे नक्की, सेरिनही असावे, पण दोघे एकमेकांत गुंतलेले. ते सोडवायला दुसरे द्रावण हवे होते, आणि दुसऱ्या द्रावणाला कागद नव्हता. मुलीने अहवालात तसेच लिहिले: सेरिन आहे की नाही हे या प्रयोगातून सांगता येत नाही. मी म्हटले, एवढे उघड लिहायलाच हवे का? ती म्हणाली, "तुम्ही शेड जुळली नाही तर पास करता का?" पहिला, अंगठ्यांचा कागदही तिने अहवालात लावला. मैत्रिणी म्हणत होत्या, काढून टाक. तिचे म्हणणे, धुतलेल्या पट्टीचा अर्थ तो पाहिल्याशिवाय कळत नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. तिने आल्यावर सगळे सांगितले ते असे. त्यांनी अंगठ्यांचा कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, हे कोणाचे? तिने सांगितले: डावा आजीचा, उजवा शेजाऱ्यांचा, मधली चार बोटे आईची, खालचा ढग वडिलांचा. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरची परीक्षा थांबली. मग हसणे थांबवून त्यांनी तिला पाऊण तास विचारले. घामात कोणती आम्ले, प्रोलिनचा ठिपका पिवळा का येतो, ग्लायसिनच्या जागी मोठा मणी आला तर रेशमाचे काय होईल. सगळे आले. शेवटी ते म्हणाले, सेरिन वेगळे करायला हवे होते, दुसऱ्या द्रावणात चालवले का नाही? ती म्हणाली, कागद संपले. ते म्हणाले, काम चांगले आहे, पण तेवढे अपुरे राहिले, त्याचे मार्क जातील.

शंभरपैकी बहात्तर पडले. सहाशे सव्वीस आणि बहात्तर, सहाशे अठ्ठ्याण्णव. एकोणसत्तर पूर्णांक आठ टक्के.

ती रडली नाही. जेवताना म्हणाली, दोन कमी आहेत, ठरले ते ठरले, सोमवारपासून लॅबमध्ये अर्ज टाकते. तिने हे रागाने म्हटले असते तर मला सोपे गेले असते. पण ती माझ्याच आवाजात बोलत होती. बायको माझ्याकडे पाहत होती आणि वाढत नव्हती.

मी म्हटले, त्या दोन मार्कांचे कारण मला माहीत आहे. एक कागद माझ्या हाताने गेला, दुसरा माझ्या सल्ल्याने फाटला. नाहीतर दुसऱ्या द्रावणाला कागद उरला असता. मुलगी म्हणाली, उरला असता तर चौऱ्याहत्तर पडलेच असते असे कशावरून? मी म्हटले, ते मी म्हणत नाही, मोजलेले नाही. मग आम्ही दोघे अडलो. नियम मोडायचा तर कशाच्या आधारावर, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

आईला एवढ्या वेळात भात संपवून हात धुवायचे होते. ती उठता उठता म्हणाली, "सत्तर कोनी ठरायं? सरकारनी?"

"नाही. मी."

"कसावर?"

मी विचार केला. खरोखर केला, कारण मला कोणी आकड्याचा आधार विचारला तर मी तो देतो. मिलमध्ये प्रत्येक आकड्यामागे काहीतरी असते, कापडाचे वजन, पाण्याचे माप. सत्तरच्या मागे काही नव्हते. पासष्ट कमी वाटले होते आणि पंच्याहत्तर जास्त. मी तसे सांगितले.

"मंग तूच मोड," आई म्हणाली आणि बेसिनकडे गेली.

बायकोने वाढायला घेतले. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो याची वाट पाहत. मी म्हटले, एम.एस्सी.चा फॉर्म कधी निघतो? ती म्हणाली, निघाला आहे, शुक्रवार शेवटचा. मग मला कळले की तारीख तिला पाठ होती.

फॉर्म आम्ही दुसऱ्या दिवशी भरला, तिने मोबाइलवर, मी शेजारी कागद घेऊन. टक्केवारीच्या रकान्याशी ती थांबली. प्रवेशाला लागते त्याच्या हे पुष्कळ वर आहे, ती म्हणाली, सत्तर लिहिले तरी फरक पडत नाही, काही जण करतात. मी म्हटले, एकोणसत्तर पॉइंट आठ लिही. तिने तसेच लिहिले, आणि पुढच्या रकान्यात विषय भरला.